खरेदी सुटत नाही

होड्या ओढायला ट्रॅक्टर हवा होता, जुना चालेल.
मनोरीच्या सोसायटीनं पुढं घातलं
लुजीनमावशीला. पिशवी धरायला मी.

साकीनाक्याला, वेलजीभाईच्या शेडमध्ये
तिनं टायरला नख लावलं,
डिपस्टिक काढून हुंगली,
कल्ला उचलून बघावा तसं बॉनेट उचललं.
"रंग ताजा आहे. म्हणजे आत शिळं."

त्यानं कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला.
चार लाख दहा.
तिनं चष्मा काढून ठेवला.
"तीन."

चहा आला. ट्रॉलीचं बोलणं झालं, भोंग्याचं,
त्याच्या मुलीच्या बारावीचं.

तीन साठला तो म्हणाला,
"मावशी, खरेदीसुद्धा सुटत नाही."

मावशी गप्प.
वाक्य तिचं होतं.
चाळीस वर्षं पापलेटवर पाणी मारत
ती हेच म्हणत आलेली,
दहातले आठ वेळा खोटं.
बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली,
हा आठातला की दोनातला.

"तीन पंचावन्न. बॅटरी नवी."

मार्वेच्या जेटीवर मी म्हटलं,
अजून तुटलं असतं.

"असतं की," ती चष्मा पुसत म्हणाली.
"पण नाताळाआधी क्लच जाणार त्याचा.
तेव्हा फोन उचलायला हवा ना त्यानं."