तिसरा रकाना

मी तीनदा चिठ्ठ्या पाठवल्या.
पालकसभा, शुक्रवार, दुपारी दोन.
शुक्रवारी दोन वाजता वर्गात
मी होते, सोळा रिकाम्या खुर्च्या होत्या
आणि दारात कुणाचा तरी कोंबडा, पालकाच्या रुबाबात.

चिठ्ठ्यांचं काय झालं ते मागाहून कळलं.
न्ताते लेखोआच्या घरी
एकीत तंबाखू वळली गेली, दुसरी चुलीत,
तिसरी मात्र भिंतीला चिकटवलेली, उलटी.
"शिक्का छान आहे," त्याची बायको म्हणाली.

चूक माझीच. लोकर कातरायचा महिना
कॅलेंडरात छापलेला नसतो,
आणि मी मासेरूहून आलेली, कॅलेंडर वाचणारी.

मग मीच चढले डोंगर.
अडीच तास, बुटात खडा, डोक्यात भाषण:
शिक्षणाचं महत्त्व, मुद्दे पाच.
कातरणीच्या छपराखाली पहिला मुद्दा निघायच्या आत
लेखोआ म्हणाला, "बाई, हे पाय धरा."
मेंढीचे. चारही.
धरले म्हणेपर्यंत
मेंढीच मला दोन हात फरपटत घेऊन गेली
आणि अख्खं छप्पर हसलं.
कुणीतरी आंबिलीचा कप पुढे केला.

सेआबाता तिथंच होता, माझ्या वर्गातला,
ज्याच्यापुढे मी लिहिलं होतं: गणितात कच्चा.
फाटकातून कळप आत येताना
ओठ न हलवता मोजत होता.
"एकशे त्रेचाळीस. एक कमी."
कुठली, तेही ठाऊक:
डाव्या कानाला चीर असलेली, ती ओढ्याशी रेंगाळते.
मी पाचही मुद्दे आंबिलीबरोबर गिळले.

"शाळा मुलगा घेते," लेखोआ कात्रीला धार लावत म्हणाला,
"परत काय देते?"
मला उत्तर आलं नाही.
कोऱ्या उत्तराला मी शून्य देते. त्यानं दिलं नाही.
म्हणाला, "मग मेंढ्या कोण राखेल, ते तरी बोलू."

अंधार पडेस्तोवर बोललो. भांडलोही.
मे मालिनेओ म्हणाली, माझ्याकडे मेंढ्या नाहीत, मुली आहेत,
त्या पाणी आणतात, ते कुठल्या हिशेबात?
कुणीच काही बोललं नाही.
मी वहीत लिहून घेतलं. अजून तसंच आहे, वहीत.

ठरलं ते एवढंच:
तीन घरांचे कळप एकत्र, तीन पोरं पाळीपाळीनं,
आणि वर गेलेल्याला रात्री धडा सांगायचा
खाली राहिलेल्यानं.

हजेरीपटात दोनच खुणा असतात, आहे किंवा नाही.
मी पेन्सिलीनं तिसरा रकाना आखला: कुरणावर.
तपासनीस बोट ठेवून म्हणाले, हा नियमात नाही.
मी म्हटलं, साहेब, मुलगा मात्र आहे.

पुढच्या ऑगस्टात बर्फ पडला.
नऊ दिवस वाट बंद, ठरलेलं सगळं कोलमडलं.
दहाव्या दिवशी दारात लेखोआ,
खांद्यावरच्या ब्लँकेटवर बर्फ, आत जपून आणलेली वही.
वीस गणितं. पाच चुकलेली.
आणि समासात, प्रत्येक गणितासमोर,
कोळशाची एकेक उभी रेघ.

"चूक-बरोबर मला कळत नाही," तो म्हणाला,
"केलं की नाही, तेवढं मी मोजलं."