तीन पिसांचा मोर

दाजी पेठेतलं माझं मेडिकल.
गड्डम मामांनी काउंटरवर चिठ्ठी उलगडली.
मूळ गोळीचा भाव ऐकून
नुसताच चष्मा पुसला.
'हीच, पण दुसऱ्या कंपनीची?'
आहे की. कोर्टात तारखा चालल्यात,
तोवर मिळेल.

मामांचा मोर
पानिपतच्या कुणी फोटोवरून उचलला,
चादरी मोबाइलवर विकतो, निम्म्या दरात.
परवापर्यंत मामा त्याला चोर म्हणायचे,
तेलुगूत, म्हणजे मनापासून.

आज पाकीट उजेडात धरून बघतात,
सूत बघावं तसं.
'हिला लागू पडेल ना?'
पडेल, म्हणालो.

पायरी उतरता उतरता वळले.
'त्याच्या मोराच्या तुऱ्यात तीनच पिसं आहेत.
माझ्या, पाच.'

मी गल्ल्यात
सुटे शोधत राहिलो.