मोड

चौतीस वर्षं बेळगाव–निपाणी.
कातडी पिशवी, बोटांना हिरवट वास,
आणि एकच भांडण : सुट्टे काढा, चिल्लरे कोडी.
तिकिटामागं लिहून दिलेले आठ आणे
अजून कुणाकुणाचे देणं लागतो.

आता जमवतो तो पैसा
ज्याचं कुठंच काही येत नाही.

शहापुरात, बाहुबली बोगाराच्या दुकानी
घंगाळाच्या मोडीत ही सात नाणी सापडली.
मलायाहून परतलेल्या कुणा शिपायाची ट्रंक
नातवानं किलोवर घातलेली.
"तांब्याच्या भावानं ने," बोगार म्हणाला.
काटा धड हललासुद्धा नाही.

घरी आलो तर ही चिंच घेऊन तयार.
हात धरला तिचा. घासायचं नाही.
काळं पडलंय तेवढंच त्यांचं वय.

एकावर कोंबडा. तुरा शाबूत, पाय गेलेले.
मागं अक्षरं.
मकानदार मास्तरांनी भिंग धरलं,
बोट उजवीकडून सरकवत म्हणाले,
"अक्षरं आमची. भाषा आमची नव्हे."
मला हसू आलं.
आमची ही घरभर कन्नड बोलते
आणि बसची पाटी मला विचारते.

"नून. गाफ. रे. ये."
मास्तर पुन्हा पुटपुटले, जोडून :
"नगरी."
दोघंही थांबलो.
"कुठली?"
पुढचं झिजलंय.

कुणाच्या अंगठ्यानं, कुठल्या बाजारात,
मासळीवर की मिठावर.
रात्री ते पिशवीत टाकलं,
आठ आण्यांच्या जुन्या कप्प्यात.