मागे आवाज आहे

गाडी शाळेची होती. हिलालने एकोणीस वर्षं चालवली.
शाळा मोडली तेव्हा थकलेल्या पगारात
तीच पदरात पडली.
पिवळ्यावर पांढऱ्याचे दोन हात मारले,
तरी मागच्या बाजूला, ऊन तिरपं झालं की
अजून वाचता येतं:
सावकाश. आत मुले आहेत.

आत मुले नाहीत. आत एक शेगडी,
चार बाकांची ठोकून केलेली कॉट,
कळण्याच्या पिठाचा डबा,
आणि मेथीची एक कुंडी,
जी वळणावर मला मांडीत धरावी लागते.

मागच्या थंडीत शहाद्याला होतो.
जिनिंगच्या वजनकाट्यावर हिलालची रात्रपाळी, तासावर पैसे,
पावत्या मी लिहायचे. पहाटे पापण्यांवर कापूस.
मार्चमध्ये साक्रीच्या माळावर सोलरच्या काचा धुतल्या,
काचेमागे अडीच रुपये,
पाणी त्यांचं, फडकं आपलं.
सावद्याला महिनाभर केळीच्या खोक्यांवर चिकट्या लावल्या;
कुठल्या देशाला जायची ती खोकी, कोण जाणे,
आम्ही तिथून यावलच्या पुढे गेलो नाही.

ठेकेदार म्हणतो, ताई, पुढच्या आठवड्याचं काही सांगता येत नाही.
मी म्हणते, मलाही.
पेन्शन अकराशे. वरचं जे येतं ते वरचं.
गेल्या महिन्यात नऊ हजार चारशे आले,
त्यातलं अर्धं मागचं टायर खाऊन बसलं.

विहिरीवर पाणी भरताना बाया विचारतात,
घर कोठे शे वं बाई?
मी गाडीकडे हात करते. त्या गाडीच्या पलीकडे बघतात.
उधन्याहून लेक फोन करते, जावयाला काय सांगू?
सांग, फिरतीवर आहेत.

आता नवीन काम मिळालंय. बोलायचं काम.
फोनवर मराठीत वाक्य येतं,
ते आपल्या अहिराणीत म्हणून पाठवायचं.
वाक्यामागे सव्वा रुपया.
ज्या बोलीपायी चौथीत बाईंनी
माझ्या हातावर पट्टी मोडली,
तिचा सव्वा रुपया.

पन्नास पाठवली. एकतीस परत आली.
कारण: मागे आवाज आहे.
ब्राह्मणवेलला पवनचक्कीखाली उभे होतो तेव्हा,
पातं वरून जाताना कुणी चादर झटकावी तसं होतं.
गाडी हलवली. पांझरेच्या काठी रातकिडे.
पिंपळनेरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या,
प्रत्येकीचा वेगळा टेप.
पंपामागे जागा मिळाली, तर तिथे थंड पेयांचा फ्रीज घुरघुरतोय.
एवढा आवाज आहे दुनियेत,
मला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

शेवटी काचांना गोधड्या बांधल्या.
हिलाल टेकून बसला, श्वास धरून,
जसे काही श्वासाचेही पैसे कापतील.
मी म्हणत गेले. भाऊ बजारमा गया.
भरीत तिखट शे.
बैल पानी पिस नही.
कोणाचा भाऊ, कोणाचा बैल, विचारायचं नाही,
नुसतं स्पष्ट म्हणायचं.

एकशे बारावं आलं:
मी माझ्या घरात आहे.

म्हटलं. आवाज हलला.
पुसून परत म्हटलं. परत हलला.
हे चार शब्द बैलाइतके सोपे असायला हवे होते.
तिसऱ्यांदा नीट जमलं: मी मना घरमा शे.
नेमका तेव्हा हिलाल खोकला.
रात्र खूप झाली होती, बॅटरी चार टक्के.
तेच पाठवून दिलं.

सकाळी परत आलं.
कारण: मागे दुसरे माणूस आहे.

त्याला वाचून दाखवलं.
तो दोनदा वाच म्हणाला.
मग गोधड्या सोडल्या, चाकाखालचा दगड काढला.
सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात
पार्किंगच्या पावत्या फाडायला माणसं हवी आहेत,
रोजावर, पंधरा दिवस.
किल्ली फिरली.
मी कुंडी धरली.