चार्ज

उद्या शेवटचा दिवस, म्हणून यादी करून ठेवलीय.
कात्र्या दोन, एकीची मूठ सुतळीनं बांधलेली.
रबरी पाइप सव्वाशे फूट, मध्ये तीन जोड.
विळा, खुरपी, शिट्टी.
नळ एक, गळका.
बाकडी कागदावर अकरा.
आहेत नऊ, दोन पुराच्या साली गेली,
आणि मी दरसाल अकराच मोजत आलो.

तौफिक, सही कर, पण बस जरा.
यादीत न बसणारं सांगतो.

सकाळी नऊ ते दुपारी चार बाग बंद, असं बोर्ड सांगतो.
तू कडी लाव. कुलूप नको.
साडेबाराला एक माणूस यायचा,
इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी.
उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर होता.
फौंड्री बंद पडून आठवा महिना,
घरात बायको अजून पहाटे उठून डबा करत होती.
मी काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं एकदा,
पाव्हणं, पाइप धरता का?
दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातनं ग्रीसची डबी काढली
आणि सी-सॉ उघडून बसला.
बघ, अजून कुरकुरत नाही.

एका सोमवारी आला नाही. मंगळवारी पण नाही.
त्याच्या बाकड्यावर बसून मी भाकरी खाल्ली,
बरं वाटलं,
आणि रात्री झोप लागली नाही.
महिन्यानं आला, पोरीला घेऊन,
चारनंतर, उघड्या फाटकातनं.
मला ओळख दिली नाही. नको होतीच.

पुराच्या साली जयंती नाला उलटा फिरला.
खालच्या गल्लीतली माणसं शाळेत गेली.
शाळा जनावरांना घेत नाही.
म्हणून गवळ्याच्या सात म्हशी घसरगुंडीला बांधल्या,
रेडकू झोपाळ्याच्या खांबाला.
चार दिवसांत हिरवळ साफ.
पाणी उतरल्यावर वरनं कागद आला:
हिरवळ कुठे गेली, खुलासा सादर करावा.
मी लिहिलं, म्हशींनी खाल्ली.
दूध शाळेतल्या लेकरांना गेले.
साहेबांनी शेरा मारला, पुन्हा असे होऊ नये.
पूर होऊ नये की दूध,
ते काय लिहिलं नव्हतं.

मध्ये एक पोरगा आला होता सर्वे करायला,
गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म.
मामा, लोक बागेत कशाला येतात?
व्यायाम, करमणूक, इतर.
एकावरच खूण करायची म्हणाला.
मी बाकड्यांकडे बघितलं.
तिसऱ्या खांबाखाली भरतीचा अभ्यास करणारी ती पोरगी,
जिच्या घरात एकच खोली आणि दिवसभर टीव्ही.
तिच्या पलीकडं दोन म्हाताऱ्या,
एक ठार बहिरी, दुसरी अखंड बोलणारी,
नऊ वर्षांत एकदाही भांडण नाही.
इतर, म्हटलं.
खाली रेघ होती, 'तपशील द्या'.
रेघ चार बोटं लांब.

आठची शिट्टी साडेआठला वाजव.
आधी आत एक फेरी मार,
कोण कुठं बसलंय, कुणाचा फोन चाललाय, बघून घे.
मग वाजव, फाटकाकडं तोंड करून.
माणसाच्या अंगावर शिट्टी वाजवायची नसते.

आणि तो नळ.
यादीत गळका लिहिलाय, ते खोटं आहे.
वॉशर मीच बदललंय गेल्या दिवाळीला.
सातच्या सुमाराला एक बाई येते,
हिरवी पर्स, पायात साधी चप्पल.
ओंजळी भरभरून तोंड धुते, खूप वेळ.
जाताना नळ चालूच राहतो तिच्याकडनं.
ओरडू नको.
वळणाच्या पलीकडं गेली की जा
आणि बंद कर.
पाण्याबद्दल कुणी विचारलंच
तर यादी दाखव.