इस्त्रीच्या टेबलावरून

बसा गुरुजी. बाई, तुमी पंख्याखाली.
टिकीट दाखवा. पाच राती, मुंबई ते लक्षद्वीप.
पोरीनं काढलं? बरं केलं.
पन खोली पार समोरच्या टोकाची दिली,
हे बदलून मागा.
बोट टोकाले हालते, मधात कमी हालते.
बंडीत आपन बाईमानसाले कोठी बसवतो?
मधात, तनसावर. तसंच.

मोठी पेटी बंदरावरच घेतेत,
खोलीवर येते सांजेले.
बीपीच्या गोळ्या, चष्मा, एक लुगडं
हातातल्या थैलीत ठेवा.
इस्त्री नेऊ नोका, काढून घेतेत.
(हासू नोका, इस्त्रीवाला सांगते म्हनून.)
भिती लोखंडाच्या, खिळा ठोकता येत नाई.
चुंबकाचे हूक भेटतेत साकोलीले,
ओला पंचा टांगाले कामी येतेत.

मोबाइल विमानाच्या चिन्हावर ठेवा,
नाईतर समुद्राचं नेटवर्क लागते
अन् एका 'हॅलो, जेवले का' मधे
धानाचा कट्टा जाते.

जेवनाचं म्हनाल तं ताट कोनी मोजत नाई.
पहिल्या दिवशी मानूस
तेरवीले आल्यासारखा जेवते,
बाई, माफ करा, तोंडातून निघालं,
अन् दुसऱ्या दिवशी पलंग धरते.
आल्याचा तुकडा, आवळसुपारी जवळ असू द्या.
मळमळलं तं डोळे मिटू नोका.
लांब पान्याची रेघ दिसते, तिकडं पाहा.
मले बोटीवरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं.
माह्याजवळ रेघ नव्हती.

लाँड्री पान्याच्या खाली रायते, गुरुजी.
खिडकी नाई. तीन साल दोन महिने
चादरी, अभ्रे, कप्तानाचे पांढरे शर्ट.
समुद्र कसा हाय, ते मले हँगर सांगत.
सगळे शर्ट एका बाजूनं कलले
की समजाचं, वरती हवा सुटली.
सरळ झाले की चहा घ्याचा.
गावात सांगतो तं पोट्टे म्हनतेत,
एवढा समुद्र हिंडला अन् पाह्यला नाई?
पाह्यला. चढताना पाह्यला, उतरताना पाह्यला.
मधात इस्त्री होती.

हो, भोंग्याचं राह्यलंच.
सात लहान, एक लांब.
जाकीट घालून सांगितल्या जागी उभं रायचं.
जनमभर तुमी हजेरी घेतली,
एक दिवस द्या.
अन् बेटावर उतरले तं घड्याळ बोटीचं पाहा.
थे यष्टी नोहे, की कंडक्टर घंटी धरून म्हनल,
थांबा, गुरुजीची बाई येऊन रायली.

बाई तवाच पहिल्यांदा बोलली.
"दुर्योधन, चादर रोज बदलते का रे?"
रोज, मी म्हनलं.
"दोघांच्या चादरीले असं काय होते एका रातीत?"
मले उत्तर आलं नाई.
नको असंल तं सांगता येते, म्हनलं,
दारावर पाटी लावाची असते.
"मंग आमी लावू," बाई म्हनली,
अन् गुरुजीनं थे पन कागदावर लिहिलं,
नंबर टाकून, खाली रेघ मारून.

एक गोष्ट फुकटची.
सांजेले पलंगावर टॉवेलचा पक्षी ठेवला रायते.
खोलीवाले पोट्टे करतेत.
एकानं मले शिकवलं होतं,
मशीन बंद पडली त्या राती.
आना तुमचा दुपट्टा.
दोनीकडून गुंडाळाचं, मधात मोडाचं,
मान अशी वर काढाची.
थे हंस म्हनतेत.
माह्या हातानं सारस होते,
आपल्या तळ्यावर जो पाह्यला, थोच येते.

बाईनं दोन्ही हातानं उचलला,
अंड्यावानी सांभाळत फाट्यापर्यंत नेला.
तेथी ऊन लागलं असंल.
झटकला, डोक्यावर घेतला.

यष्टी दुकानासमोरून जोरात गेली
तं हँगरवरले सगळे शर्ट
एका बाजूनं कलले.