दहाचा पाना

बाबांनी विमान कधी उडवलं नाही.
हे आधीच सांगून टाकते, कारण उदगीरमध्ये
अजूनही कुणीतरी हटकतं,
"मठपतींची न्हवं तू? वडील पायलट होते म्हणं."
नव्हते. इंजिन फिटर होते.
सार्जंट काशिनाथ मठपती, वीस वर्षं,
जामनगर, हलवारा, जोरहाट, तांबरम,
आणि सगळीकडे जमिनीवरच.

दुसऱ्याच्या उड्डाणाखाली आपली सही करायची,
एवढंच काम, म्हणायचे.
मग ते परत येईपर्यंत
चहा न पिता आभाळाकडे कान.

तिथं फळीवर प्रत्येक पान्याची सावली
काळ्या रंगानं काढलेली असे.
संध्याकाळी एक जरी सावली रिकामी दिसली
की विमान जागचं हलत नसे.
एकदा पावणेचार तास
बोटभर स्क्रू ड्रायव्हरसाठी
अख्खी तुकडी धावपट्टीवर रांगत होती,
आणि तो निघाला एका पोराच्या मोज्यात.
आम्ही हे इतक्यांदा ऐकलं
की तो मोजा आमच्याच घरचा वाटायचा.

निवृत्तीनंतर बिदर रोडला
पाणबुडी मोटारींचं दुकान टाकलं.
गिऱ्हाईक मोटार उचलू लागलं की म्हणायचे,
"थांबा, पाने मोजतो."
"आवो मठपती, बोअरच्या मोटारीत
कुटं पायलट बसूलालाय?"
हसायचे. मोजायचे.

स्वयंपाकघरातही तीच फळी.
उलथणं, झारा, सांडशी, डाव,
एकेकाची सावली ऑइलपेंटनं.
आई चिडून उलथण्याच्या जागी मुद्दाम डाव लटकवायची,
ते रात्री मुकाट बदलायचे.
बारा दिवसांनी नळ यायचा, तोही दोन वाजता,
घागरी तेच भरायचे, पितळेचा आवाज न करता.
आई जागी असायची. तीही आवाज करायची नाही.

निजण्याआधी दारातल्या चपला मोजायच्या.
माझी जोडी यायची राहिली तर
ओसरीवरचा दिवा चालू.
कुठं होतीस, कधी विचारलं नाही.
मी चपला काढायचे
आणि दिवा बंद व्हायचा.

त्र्याण्णव साली, विसर्जनानंतरच्या पहाटे
भुई हलली. पत्रे वाजले.
अंधारात त्यांनी आम्हाला एकेक करून
अंगणात अक्षरशः फेकलं
आणि मोजलं.
एक कमी.
परत मोजलं, डोक्यांना हात लावून.
एक कमी.
आत पळायला निघाले, वरून माती गळत होती,
आईनं मागून बनियन धरलं,
"सोताला मोजा की वो!"

पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना हसवायला
आम्ही ही गोष्ट सांगायचो.
सांगायला लागलो की ते उठून
मोटारसायकल पुसायला जायचे.

माघात गेले. झोपेतच, फार काही न बोलता.
आमच्यात बसवून नेतात.
केळीचे खांब, झेंडूच्या माळा, बांबूची चौकट,
तिला विमानच म्हणतात.
त्यात ते बसले, मान किंचित कलती,
जणू इंजिनाचा आवाज ऐकतायत.

स्वामींनी खूण केली. खांदेकरी वाकले.
तेवढ्यात आई आतून आली,
डोळे कोरडे, आवाज परेडचा.
"दहाचा पाना जाग्यावर नाही.
सापडल्याबिगर विमान हलायचं नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले.
संगमेश्वर म्हणाला, आई, अगं...
माजी सैनिक संघाचे तीन म्हातारे मात्र
काही न विचारता गुडघ्यांवर बसले
आणि अंगण चाचपू लागले.
मग दुकानातला रहीम. मग गिऱ्हाइकं. मग सगळेच.

आईच्या कमरेला, निऱ्यांच्या घडीत
लोखंडाचं टोक मला दिसलं.
तिनंही पाहिलं, मला दिसलं ते.

ऊन तुळशीपर्यंत आलं होतं.
मी खाली बसले,
आणि फुलांच्या पाकळ्यांत, मातीत,
हात फिरवत राहिले.